खारट बोट

हसुरामनाना दिसेल त्या पाण्यात बोट बुडवायचे आणि चाखायचे. विहीर, टँकर, लग्नातलं पिंप, काही सोडायचे नाहीत. उभा जन्म पनवेलच्या खाडीकाठी मिठागरात गेलेला. खाडीचं पाणी आत कधी घ्यायचं हे त्यांच्या घरात जिभेवरच ठरायचं. "पानी जिभेशी खोटं बोलत नाय, मास्तर," असं ते म्हणायचे. मी मात्र तोंड वाकडं करायचो. मी शाळामास्तर, जेवणाआधी दोनदा हात धुणारा.

आमची सोसायटी त्यांच्याच मिठागरावर भराव टाकून उभी राहिली, आणि शेजारच्या बंगल्यात ते राहायचे. मिठागरं भरावाला देण्याच्या कागदावर गावात पहिली सही त्यांची होती. शेवटचं एक मिठागर तेवढं उरलं होतं. मुलांनी नानांना आमच्या ग्रुपबरोबर युरोपच्या सहलीला पाठवलं, त्यांनी परतल्यावर त्याच्याही कागदावर सही करायची, या बोलीवर.

व्हेनिसची, खरं सांगतो, मला किळस आली. फोटोतलं निळंशार पाणी जवळून हिरवट आणि कुबट निघालं. चौकात कबुतरांची घाण, पुलावर चेंगराचेंगरी, आणि आमची मंडळी त्यातच उभी राहून ठेपले खात फोटो काढत होती. होडीत बसतो न बसतो तोच नानांनी बोट बुडवून तोंडात घातलं.

"शी! नाना!" आमची ही किंचाळली. नावाड्याने तोंड फिरवलं. मला तर पुढच्या होडीत उडी मारावीशी वाटली.

"भरतीचं हाय," नाना खुशीत म्हणाले. "ही तं आपली खाडीच हाय!"

सहलीची मॅनेजर पोरगी समजावू लागली, "काका, ही सगळी घरं चिखलात लाकडं ठोकून उभी आहेत. समुद्र रोज आत येतो नि जातो."

"मंग भराव का नाय टाकला?"

"टाकला असता तर बघायला कोण आलं असतं?" ती हसली.

नाना हसले नाहीत. पाण्यात उतरलेल्या शेवाळलेल्या पायऱ्यांकडे बघत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "आमाला चिखलाची लाज वाटली, मास्तर. पयली सही माजी. थू माज्यावर!" आणि खरोखरच रुमालात थुंकले.

परत आल्यावर त्यांनी सही केली नाही. मुलांनी बोलणं टाकलं. ताट समोर आदळलं जाई, नाना मुकाट जेवून मिठागराच्या बांधावर जाऊन बसत. दुसऱ्या वर्षी गेले, आणि तेराव्याच्या आत मुलांनी सह्या उरकल्या. आता तिथे न्हावा शेवा बंदराचे कंटेनर रचलेले असतात. त्या मुलांची मला मनस्वी घृणा वाटते. त्या कंटेनरतळाच्या उद्घाटनाचे पेढे मात्र मी खाल्ले. दोन खाल्ले.

यंदा एका पौर्णिमेला, पाऊस नसताना, आमच्या पार्किंगमध्ये घोट्यापर्यंत काळं पाणी भरलं. सगळे नाकाला रुमाल लावून उभे. सेक्रेटरी म्हणाले, "पाइप फुटलाय."

मी वाकलो, बोट बुडवलं आणि चाखलं.

"पाइप नाही," मी म्हणालो. "भरती आहे."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी नानांकडे बघायचो, अगदी तसंच तोंड करून.