पंधरापट समुद्र

"सर, हे जहाज एवढं फास्ट कसं?" सायलीने विचारलं. मी नुकताच डबा उघडला होता.

आमचं अंधेरीतलं ऑफिस परदेशी कंपन्यांना नकाशे करून देतं. सहाजणांची टीम, मी त्यांचा हेड. हे काम उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्राचं होतं. तिथला बर्फ वितळतोय आणि तळाशी गॅस आहे, असा सगळ्यांचा अंदाज. त्यामुळे ज्या पाण्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्यावर आता दोन देश हक्क सांगतायत. आमचा क्लायंट त्यातल्या एका देशाची कंपनी. त्यांना हवा तो तुकडा, म्हणजे ब्लॉक, मी आखला, क्षेत्रफळ काढलं आणि रिपोर्टमध्ये हौसेने एक वाक्य टाकलं : हा ब्लॉक महाराष्ट्रापेक्षा मोठा आहे. क्लायंटचा मॅनेजर मार्टिन खूश. चार वाजता रिपोर्ट त्यांच्या सरकारकडे जाणार होता. पसंत पडला तर आम्हाला वर्षभराचं काम.

"कुठलं जहाज गं?"

"त्यांचंच, सर्व्हेचं. सकाळी ब्लॉकच्या या टोकाला, संध्याकाळी त्या टोकाला. महाराष्ट्र एका दिवसात? आमची गणपतीची एसटीपण एवढी धावत नाही."

मी डबा बंद केला.

प्लास्टिकचा बॉल कापून टेबलावर सपाट करून बघा. होत नाही, ताणावा लागतो. मोबाइलवरचा नेहमीचा नकाशा असाच ताणलेला असतो. मुंबईजवळ थोडा, ध्रुवाकडे भयंकर. म्हणून क्षेत्रफळ मोजायला वेगळा नकाशा घ्यायचा, हे मी नवीन पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतो. स्वतः मात्र ताणलेल्यावरच मोजलं होतं. आकडा एवढा मोठा आल्यावर मला संशय यायला हवा होता. आला अभिमान.

सायलीने पुन्हा मोजलं. मी पंधरापट समुद्र वाटला होता. ब्लॉक जेमतेम अडीच जिल्ह्यांएवढा.

अडीचला सायलीला घेऊन आमचे बॉस नायर सरांच्या केबिनमध्ये गेलो आणि चूक सांगितली.

"वाट लागली ना, प्रभू! क्लायंटने पकडलं?"

"नाही."

"मग?"

"मग समोरच्या देशाचा नकाशावाला पकडेल."

सर पाणी प्यायले. "कर फोन. इथूनच, स्पीकरवर कर."

मी मार्टिनला चूक सांगितली, ती सायलीने पकडली हेही. तो म्हणाला, "किती कमी?"

"पंधरावा हिस्साच उरला."

"आणि गॅस?"

"गॅस असेल तेवढाच असेल. पाणी कमी झालं."

"निदान चित्र तरी तेच ठेव. मोठं दिसतं."

मी सायलीकडे बघितलं. तिने नकारार्थी मान हलवली. "आकडा बदलला तर चित्रही बदलणार," मी म्हणालो. त्याने फोन ठेवला. हो म्हणाला की नाही, ते कळलं नाही. तीन चाळीसला आम्ही नवीन रिपोर्ट पाठवला. त्यात ब्लॉक नखाएवढा दिसत होता.

घरी, चारकोपला, बायकोला सगळं सांगितलं. आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा वीस स्क्वेअर फूट कमी दिलं म्हणून मी बिल्डरशी दोन वर्षं भांडलोय.

"टेप घेऊन बाथरूम मोजणारे तुम्हीच ना?" ती म्हणाली. "बिल्डरने तुम्हालाच नोकरीला ठेवायला हवं होतं."

आठवड्याने मार्टिनचा मेल आला. वर्षभराचं काम मिळालं. अट एकच : प्रत्येक क्षेत्रफळ सायलीने तपासायचं. मेल तिच्या नावाने होता, मी सीसीमध्ये.

आकडा मनासारखा आला की आधी तो पुन्हा मोजावा, हेही मी आता नवीन पोरांना शिकवतो. सायली मागे उभी राहून ऐकते.