परोपकारी जेवण

आमच्या सेक्टर बत्तीसमधल्या कम्युनिटी सेंटरच्या एका खोलीत कॅफे आहे. कॅफे म्हणायचं एवढंच. पाच टेबलं, एक काउंटर आणि आळीपाळीने स्वयंपाक करणाऱ्या सेक्टरातल्याच चार निवृत्त बायका. मेनूकार्ड नाही. त्या दिवशीच्या बाईच्या मनात येईल ते शिजतं आणि गिऱ्हाईक ते खातं. इतर ठिकाणी गिऱ्हाइकाला राजा समजतात म्हणे. इथे त्याला घरातलं शेंडेफळ समजतात. मेडिकल कॉलेजची पोरं परीक्षेच्या दिवसांत तिथे पुस्तकावर डोकं टेकून झोपतात. त्यांना उठवून आधी खायला घालतात आणि मग अभ्यासाला बसवतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा फक्त कॉफी मागितली होती. काउंटरवरच्या आंटींनी मला एकदा नीट न्याहाळलं आणि कॉफीबरोबर दोन आलू पराठे आणून ठेवले. हे मी मागितलं नव्हतं, असं म्हटल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, की ते त्यांनाही माहीत आहे.

मी इथे उत्तरेत एकटीच, बदलीवर. गेल्या वर्षी आई गेली आणि मी अण्णांना साताऱ्याहून इकडे घेऊन आले. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी सारा जन्म तालुक्याच्या डेपोत गाड्या वेळेवर सोडण्यात घालवला. आजही घरात कोणी पाच मिनिटं उशिरा उठलं, तरी ते घड्याळाकडे असं बघतात की आपल्याला मेमो मिळणार असं वाटतं. असे हे अण्णा ट्रंक, पानाचा डबा आणि भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन आले. भूक मात्र गावीच ठेवून आले.

ऑफिसातून आल्यावर मी ओट्याशी उभी राहून भाकरी थापायचे. ते चतकोर खायचे आणि हात धुवायला उठायचे. मी पिठलं केलं, मटकीची उसळ केली, शेंगदाण्याची चटणी तर गावाहून मागवली. उत्तर एकच, "भूक न्हाई गं." मी समोर उभी राहून घास मोजायचे, आणि ते मोजले जातायत म्हणून आणखी कमी खायचे. तीन महिन्यांत सात किलो वजन उतरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की सगळ्या तपासण्या ठीक आहेत, पण आणखी दोन किलो उतरलं तर दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागेल. अण्णांनी ते ऐकलं आणि घरी येऊन पुन्हा चतकोरच खाल्ली. मला त्यांचा राग यायचा, आणि रागाखाली भीती असायची.

मी ऑफिसला गेल्यावर दिवसभर घरात बसून राहू नयेत, म्हणून मी त्यांना कॅफेची वाट दाखवली. पंधरा दिवसांनी वजन केलं, तर अर्धा किलो वाढलेलं. पुढच्या पंधरवड्यात आणखी एक. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याआधी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी गावाहून चटणी मागवते ती जात नाही, आणि परक्या बायकांच्या हातचं जातं? बरं, घरी येऊन त्याच जेवणाला नावंही ठेवायचे. कढीत भजी सोडून ती मऊच करायची, तर मग तळायची कशाला? आणि राजमा, राजमा म्हणून एवढं कौतुक करतात तो तर आपला घेवडाच, नुसता फुगलेला. मी विचारलं, मग खाता कशाला? तेव्हा त्यांनी आवाज खाली आणून कारण सांगितलं.

तिथे एक सरदारजी येतात. फौजेतून निवृत्त झालेले. त्यांची बायको गेली आणि त्यांनी अन्न सोडलं. कोणी समोर बसून जेवलं तरच दोन घास खातात. काउंटरवरच्या आंटींनी अण्णांना बाजूला घेऊन हात जोडून विनंती केली होती. आता एवढ्या मोठ्या बाईचा शब्द कसा मोडायचा? "मी हाय म्हणून चाललंय त्याचं," अण्णा म्हणाले आणि डेपो चालवणाऱ्या माणसाच्या रुबाबात पान लावायला बसले.

एका सुट्टीच्या दिवशी मी पाहायला गेले. कोपऱ्यातल्या टेबलावर दोघे बसले होते. यांना पंजाबी येत नाही, त्यांना मराठी येत नाही, आणि दोघांचं हिंदी आपापल्या गावचं. तरी बोलणं जोरात चालू होतं. सरदारजी पोळीचा तुकडा मोडत आणि अण्णांकडे बघत. अण्णा घास घेत आणि सरदारजींच्या ताटावर नजर ठेवत. दोघेही एकमेकांसाठी हाशहुश करत जेवत होते. अण्णा हात धुवायला गेल्याबरोबर सरदारजी माझ्याकडे वाकले आणि कुजबुजले, "बेटा, फिकर ना कर. तेरे पापाजी मेरे बिना रोटी नहीं खाते. मैं छुट्टी नहीं करता, पक्का."

मी काउंटरकडे पाहिलं. आंटी एक स्वच्छ ग्लास पुन्हा पुन्हा पुसत होत्या. मी जवळ गेल्यावर त्यांनी कबूल केलं, की हीच विनंती त्यांनी दोघांनाही केली होती, हात जोडूनच. खोटं तरी काय बोलले, असं मलाच विचारलं. मला हसू आवरेना. माझा सगळा मत्सर तिथेच गळाला आणि मी त्यांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

असे दोन महिने छान गेले. मग सरदारजींच्या मुलाने झिरकपूरला फ्लॅट घेतला आणि तो वडिलांना तिकडे घेऊन गेला. झिरकपूर काही लांब नाही, पण मधला ट्रॅफिक पाहिला तर तिथून साताराच जवळ वाटावं. तिसऱ्या दिवशी आंटींचा मला ऑफिसात फोन आला, की पापाजी नुसता चहा घेऊन जातात, ताट लावू देत नाहीत. घरीही पुन्हा चतकोरावर गाडी आली होती.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून कॅफेत गेले. अण्णा त्याच कोपऱ्यात रिकाम्या खुर्चीसमोर बसले होते. मी खुर्ची ओढली आणि आंटींना सांगितलं, की अण्णांना ताट आणा, मला फक्त चहा. आज ताट संपल्याशिवाय उठायचं नाही, असंही अण्णांना दरडावलं. त्यांनी आंटींना आपल्या हिंदीत हाक मारली.

"बहनजी, दो थाली लाओ. ये मेरी बेटी. इसकी आई गयी तबसे ये बराबर खातीच नहीं. कोई सामने बैठके खायेगा तोच खाती."

आंटींचीच युक्ती यांनी उचलली, म्हणून मी हसले. म्हटलं, म्हणजे सरदारजींचं सगळं तुम्हाला माहीत होतं तर.

"चौथ्या दिवशीच कळलं," अण्णा म्हणाले. "मी काय खुळा हाय व्हय? ते राहू दे. तू रात्री काय जेवलीस?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला आठवेना. मग आठवलं. त्यांच्या ताटात उरलेली भाकरी ओट्याशी उभ्या उभ्या चहाबरोबर खाल्ली होती. परवाही तेच. त्याआधी कधी ताट वाढून घेऊन बसले होते, ते काही केल्या सांगता येईना.

"माझं वजन करत हिंडतीस सगळीकडं," ते म्हणाले. "तुझी कापडं बघ कशी लोंबत्यात. तू उपाशी उभी राहतीस म्होरं, मला घास गिळतोय व्हय?"

आंटींनी दोन ताटं आणून ठेवली. कढी आणि भात. मी पहिला घास घेतला आणि तोंडातला घास तसाच ठेवून रडायला लागले. आई जाऊन आठ महिने झाले होते. त्या आठ महिन्यांत मी तिकिटं काढली, कागदपत्रं केली, डॉक्टर पाहिले, भाकऱ्या थापल्या. रडायचं राहूनच गेलं होतं. मला आई हवी होती, दुसरं काहीच नको होतं.

शेजारच्या टेबलावरची मेडिकलची पोरं पुस्तकात डोकं घालून बसली. अण्णांनी मला गप्प केलं नाही आणि समजावलंही नाही. त्यांचं जेवण होत आलं होतं. शेवटचा घास कालवून तो हातात तसाच धरून ते बसून राहिले, माझं ताट संपेपर्यंत.