चार नंबरची रिकामी खुर्ची

फायबर जोडून जोडून माझी मान गेली. डॉक्टर म्हणतात, खाली वाकून करायचं काम कमी करा. आता फायबर काय छताला टांगून जोडू? वाळूजच्या कंपन्यांतले कॅमेरे आणि त्यांच्या मागच्या तारा सांभाळण्यात माझी वीसेक वर्षं गेली. सकाळी पडेगावहून निघायचं, दुचाकीवर पुढं जोडायचं मशीन, मागं हत्यारांची पेटी, आणि कुणीतरी जेसीबीनं तोडलेलं दिवसभर जोडत बसायचं. खोदणाऱ्याला खाली काय पुरलंय ते कधीच ठाऊक नसतं. शिव्या मात्र मी खायच्या.

काम समजायला अवघड नाही. कॅमेरा लांब असला की त्याचं चित्र साध्या वायरीतून कंट्रोल रूमपर्यंत धड पोचत नाही. म्हणून गेटवर एक डबा बसवतात. तो चित्राचा उजेड करून केसाएवढ्या काचेच्या धाग्यात, म्हणजे फायबरमध्ये, सोडतो. दुसऱ्या टोकाचा डबा त्या उजेडाचं परत चित्र करतो. एका कॅमेऱ्याला एक धागा, आणि ओळखायला प्रत्येकाचा रंग वेगळा. जुन्या पद्धतीत गेटचं नाव कॅमेऱ्याकडून येत नाही. धागा ज्या खाचेत जाईल, त्या खाचेला दिलेलं नाव पडद्यावर दिसतं. नव्या कॅमेऱ्यांत ही भानगड नाही, पण ज्या कंपनीची ही गोष्ट, ती जुनं टाकायला तयार नव्हती.

त्या उन्हाळ्यात कंपनीच्या मागच्या भिंतीलगत केबल तुटली. दोन नंबर आणि चार नंबर, दोन्ही गेटचे कॅमेरे बंद. भर दुपारी डोक्यावर ओला गमछा टाकून मी खड्ड्यात बसलो. धाग्यांना चिकट जेली लागलेली, त्यावर धूळ. त्यात नारंगी कुठला आणि तपकिरी कुठला, हे बघायला डोळे ताणावे लागत होते. जोड झाल्यावर एक काम करायचंच असतं. कॅमेऱ्यापुढं जाऊन हात हलवायचा आणि फोनवर विचारायचं, कुठल्या चौकटीत दिसतोय? पण गंगापूरला मेव्हणीकडं साखरपुडा होता, बायकोचे तीन फोन येऊन गेले होते. कंट्रोल रूममधून निरोप आला, "दोन्ही आले." मी म्हटलं, आले ना, मग झालं. खड्डा बुजवला आणि निघालो.

दोन्ही गेटं एकाच नकाशावर बांधलेली. तोच निळा लोखंडी दरवाजा, तीच पत्र्याची केबिन, तीच प्लास्टिकची खुर्ची. वॉचमन दर आठवड्याला या गेटवरून त्या गेटवर बदलायचे, आणि पडद्यावर सोळा चौकटी, एकेक काडेपेटीएवढी. बघणाऱ्याला काय कळणार?

दोनेक महिन्यांनी एका डब्याचा अडॅप्टर जळाला म्हणून मला बोलावलं. दोन नंबरवर मावशी नव्हती, चार नंबरवरही दुसराच माणूस बसलेला. मी विचारलं, "मावशी कुठंय?" मावशी म्हणजे या दोन गेटांवर आलटून पालटून बसणारी वॉचमन. बजाजनगरला राहायची, नवरा वारलेला, पन्नाशीची बाई. मी उन्हात काम करत असलो की न मागता पाण्याची बाटली आणून ठेवायची. तो माणूस म्हणाला, "काढलं तिला. इथं ड्युटी असताना भर दुपारी खुर्ची सोडून गेली, आन् टेम्पो तांब्याचं भंगार घेऊन गेला. कॅमेऱ्यात आलंय."

मला खरं वाटेना. कंट्रोल रूममधल्या पोरानं मला ते चित्र काढून दाखवलं. खाली नाव, गेट चार. रिकामी खुर्ची, उघडा दरवाजा, जाणारा टेम्पो. मी चित्रातल्या केबिनच्या भिंतीकडं बघितलं. भिंतीवरचा डबा तारेनं बांधलेला होता. चार नंबरवर मी तो पट्टी ठोकून बसवलाय. दोन नंबरवर पट्टी संपली म्हणून तारेनं बांधला होता, माझ्याच हातानं. म्हणजे ही खुर्ची दोन नंबरची. धागे मी उलटे जोडले होते.

"हे मावशीला दाखवलं का?" मी विचारलं. पोरगा म्हणाला, "तिला कशाला दाखवायचं? साहेबांनी बघितलं ना." सगळ्यांनी बघितलं, फक्त तिनं नाही. तिला दाखवलं असतं तर तिनं तिथंच सांगितलं असतं, बाबांनो, ही माझी केबिन नव्हंच.

आता खरं सांगायला पाहिजे, म्हणून सांगतो. मी त्या दिवशी गप्प बसलो. अडॅप्टर बदलला, सही घेतली, घरी आलो. दुसऱ्या दिवशीही गप्प. ही कंपनी गेली तर माझं अर्धं काम जाणार होतं, आणि या वयात, असल्या मानेनं, नवं काम कुठं शोधू? जेवण गोड लागेना. बायको म्हणाली, "काय झालंय तुम्हाला?" सांगितलं. ती ताट उचलत एवढंच म्हणाली, "मग अजून घरी काय करताय?" लई राग आला तिचा. बरोबर बोलली म्हणून जास्तच आला.

तिसऱ्या दिवशी साहेबांपुढं उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, चूक माझी आहे. मावशीला परत घ्या." साहेबांनी आधी मला वेड्यात काढलं. मग एकाला दोन नंबरवर पाठवून हात हलवायला लावला. तो हलला चार नंबरच्या चौकटीत. साहेबांनी पडद्याजवळ जाऊन स्वतः बघितलं. मग म्हणाले, "तेवढं सरळ करून द्या. पुढच्या महिन्यापासून तुम्ही येऊ नका." मी म्हटलं ठीक आहे. खरं म्हणजे मला बरंच वाटलं, इतका मी थकलो होतो.

दुसऱ्या दिवशी मावशीला बोलावलं. दोन नंबरच्या नावाखाली साठलेलं त्या दुपारचं चित्र पोरानं मोठं करून लावलं. त्यात ती होती. खुर्चीत ताठ बसलेली, मधूनच पदरानं तोंड पुसणारी. मावशी पुढं वाकून बघत राहिली. "बसलेच व्हते की मी," ती म्हणाली. साहेब म्हणाले, "सोमवारपासून या." तिनं ते ऐकलं न ऐकलंसं केलं. माझ्याकडं वळून म्हणाली, "भाऊ, हे मोबाइलात घेऊन द्या ना. घरी दाखवायचंय." साहेब म्हणाले, "रेकॉर्डिंग बाहेर देता येत नाही, नियम आहे."

मग मीच तिला गाडीवर मागं बसवून बजाजनगरला नेलं. मोबाइलात नाही तर नाही, माझं तोंड तर आहे. तिचा मुलगा नुकताच शिफ्टवरून आला होता, चांगला पंचविशीचा, कमावता. त्याला मी सगळं सांगितलं. खड्डा, धागे, साखरपुडा, काहीच लपवलं नाही. तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "आम्हाला काय माहीत, काका? कॅमेऱ्यात दिसलं म्हणाले. मग आम्हाला पण वाटलं, गेली असंल आई कुठं."

मावशी दारातच चप्पल काढत होती. ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, "कॅमेऱ्याचं जाऊ दे. तुला तर मी सांगितलं व्हतं ना."