यशोदाबाईंच्या मशीनची वायर

चारुलताने सासूबाईंच्या पोलक्याला शिवलेला खिसा आधी पोटाशी होता. महिन्याभरात तो छातीशी आला, मग खांद्यावर चढला. कारण एकच, तिच्या नवऱ्याची, दिनानाथची दुरुस्ती.

यशोदाबाईंना ऐकायचं मशीन होतं. खिशात डबी, कानात बटण आणि दोघांच्या मध्ये नाजूक वायर. ती तुटली. दिनानाथ तळोज्याच्या कारखान्यात टाइमकीपर. पण वाशीच्या दोन खोल्यांत संध्याकाळी सातनंतर तो इंजिनियर असे. रेडिओ उघडायचा, मिटायचा, उरलेले स्क्रू बशीत ठेवायचा.

"नवी वायर आणा की," चारुलता म्हणाली.

"या जातीची आता मिळत नाही. साधी ताठ असते, कानातलं बटण ओढून काढते. मीच जोडतो."

वायरच्या आत सुती दोरा होता आणि त्यावर तांब्याची पापुद्र्याएवढी पातळ पट्टी गुंडाळलेली. सोल्डरिंगचं तापलेलं टोक टेकलं की दोरा जळे, पट्टी सुटे. जळका भाग कापायचा, पुन्हा जोडायचं. दर खेपेला बोटभर वायर कमी.

"दिना, मान वाकडी व्हायला लागली माझी," यशोदाबाई ओरडल्या. त्यांचं साधं बोलणंही तसंच असे.

शनिवारी बुद्धपौर्णिमा होती. वसाहतीच्या कार्यक्रमात त्यांची नात, नऊ वर्षांची मीना भाषण करणार होती. घरातलं माणूस पहिल्यांदाच माइकवर बोलणार, आणि ते यशोदाबाईंना ऐकायचं होतं. बाकी काही नको होतं.

शनिवारी दुपारी वायर पुन्हा सुटली. उरली चार बोटं. दिनानाथने पुन्हा सोल्डरिंग तापवायला घेतलं.

"सरका," चारुलता म्हणाली. तिने तांब्याची एक उघडी तार घेतली, काजं करतात तसे वायरच्या टोकावर घट्ट वेढे घातले आणि सोल्डर फक्त त्या वेढ्यांना लावलं. दोरा जळला नाही.

जोड पक्का झाला, पण आता खिसा कुठे शिवणार? शेवटी डबी सासूबाईंच्या अंबाड्यात खोचून आकड्यांनी बसवली. आवाज घेणारी जाळी मात्र मागे तोंड करून राहिली. समोरचं काही कळेना, पाठीमागचं सगळं स्वच्छ.

म्हणून यशोदाबाई पहिल्या रांगेत खुर्ची उलटी करून बसल्या.

कार्यक्रम सांभाळणारा जयप्रकाश धावत त्यांच्या समोर आला. "आजी, स्टेज तिकडे आहे."

त्यांनी त्याला खांद्याला धरून आपल्या पाठीमागे नेलं. "आता बोल."

"स्टेजकडे तोंड करा ना."

"तोंडाने ऐकू का?"

मीना आली. तिला आजीचा अंबाडा दिसला. तिने अंबाड्याला नमस्कार केला आणि बोलायला लागली. सगळं मैदान आपल्याकडे तोंड करून बसलेल्या म्हातारीकडे बघत होतं. तिसऱ्या रांगेत एकजण कुजबुजला. यशोदाबाईंनी नुसतं बोट दाखवलं, तो गप्प झाला.

मध्येच मीना थांबली.

"दिना, गेली रे वायर," यशोदाबाई सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाल्या. दिनानाथ पिशवीतून सोल्डरिंग काढत उठला. चारुलताने त्याचा शर्ट धरला.

"आजी, वायर चांगली आहे," मीना माइकवर म्हणाली. "मी विसरले."

यशोदाबाईंचा चेहरा उजळला.

"मग पहिल्यापासून म्हण. मला ऐकू येतंय."

मीनाने पहिल्यापासून सुरू केलं. रांगांसमोर उभ्या जयप्रकाशने घड्याळ पाहिलं, यशोदाबाईंनी जयप्रकाशकडे पाहिलं, आणि तो खाली बसला.