श्रीधरचे पाठकोरे कागद

श्रीधर गेल्याचा फोन आला तेव्हा माझे हात कणकेत होते. डब्लिनला, माझ्या मुलाच्या, अजितच्या घरी. हे डब्लिन ओहायोतलं बरं का. श्रीधर मला नेहमी बजावायचा, अक्का, पत्त्यात राज्याचं नाव घाल, नाहीतर तुझे लाडू आयरिश लोक खातील. फोन अजितनं घेतला, रिसीव्हर माझ्या कानाला धरला, आणि पलीकडून श्रीधरची बायको नलिनी म्हणाली, "वन्सं, हे गेले." एवढंच. विद्यापीठाच्या पार्किंगमध्ये, गाडीचं दार उघडता उघडता. पुढच्या वसंतात रिटायर व्हायचा होता. तळघरात नवीन बाक करून घेणार होता, घड्याळं मांडायला...

माझ्यापेक्षा लहान भाऊ. त्याच्याबद्दल मी लिहावं हे उलटंच झालं. पण इथल्या मराठी मंडळाच्या अंकाची मंडळी म्हणाली, अक्का, तुम्ही बोलता तसंच लिहा. म्हणून लिहितेय. शाळा माझी चौथीत सुटली, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचे वडील मामलेदार कचेरीत कारकून. घरात खाणारी तोंडं पुष्कळ, वह्या कुठून आणणार? कचेरीत बाद झालेले कागद ते घरी आणायचे. एका बाजूला टाइप केलेलं, दुसरी बाजू कोरी. आमच्याकडे त्यांना पाठकोरे म्हणत, आणि तुमच्याही घरी म्हणत असतील. श्रीधरची गणितं त्यावर, माझी रांगोळीची नक्षी त्यावर, आईचा धोब्याचा हिशेब त्यावर. शाळा सुटल्यावर मी नीट वाचायला शिकले तीही त्या कागदांची पुढची बाजू वाचून. कोणाचा बांध कोणी कोरला, कोणाची विहीर कोणी बळकावली, सगळं मला पाठ. परक्यांच्या भांडणांवर मी शहाणी झाले म्हणा ना. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा ना आमच्या मनात आलं, ना वडिलांच्या. कोरी बाजू फेकून देणं हेच पाप होतं.

श्रीधर अमेरिकेला इंजिनीअर व्हायला आला आणि विद्यापीठाच्या ऑफिसात शिरला तो शिरलाच. शेवटी बराच वर चढला होता. काम काय, तर कोणत्या मुलाला ठेवायचं, कोणाला एक सेमिस्टर घरी पाठवायचं, कोणाचा अर्ज पुन्हा बघायचा, ते ठरवणाऱ्या कमिटीची पत्रं लिहायची. पत्र कडक, सही त्याची. घरी त्यातलं अक्षर बोलायचा नाही. नियमाला इतका पक्का, की ऑफिसचं पेन खिशात राहिलं तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवायचा. "अक्का, इथं खुर्ची आपली नसते, फक्त बसणं आपलं असतं," म्हणायचा.

घरी आला की तळघरात. लोक घरापुढं जुनं सामान विकायला काढतात त्या गराज सेलमधून मेलेली घड्याळं आणायची आणि उठवून बसवायची, हा त्याचा नाद. भिंतीवरची, फडताळावरची, एक तर माणसाएवढं उंच. सगळ्यांना नावं ठेवलेली. जेवणघरातलं जे दणदणीत ठोके द्यायचं ते मामलेदार. सारखी मागं पडणारी ती वेणूमावशी. एकही घड्याळ दुसऱ्याबरोबर वाजू द्यायचा नाही, प्रत्येकाचा तास थोडा पुढंमागं लावायचा. मी वैतागून म्हटलं, अरे, नक्की वाजले किती ते तरी कळू दे. तर म्हणाला, "सगळी एकदम बोलली तर आजारी कोण ते मला ऐकू कसं येणार?" मग मला उशीर झाला की आहेच टोमणा, "या, वेणूमावशी आल्या."

प्रत्येक घड्याळाची हकिगत तो लिहून ठेवायचा. कधी आणलं, काय बिघडलं होतं, थंडीत कसं वागतं, उन्हाळ्यात किती धावतं, शेजारी दातेरी चाकांची चित्रं. सगळं मराठीत, वैद्यानं रोग्याचं लिहावं तसं. हे कागद खोक्यांतून भरून तळघरात रचलेले. घड्याळवाल्यांच्या मंडळात त्याला मान होता, लांबून लोक विचारायला यायचे.

म्हणूनच दिवसपाणी उरकल्यावर, मी नलिनीकडेच राहिले होते तेव्हा, विद्यापीठाच्या लायब्ररीतून निरोप आला, श्रीधरचे कागद आम्हाला जपून ठेवायचे आहेत. एक काचेचं कपाट करू, त्यात त्याचं एखादं घड्याळ ठेवू, खाली नावाची पाटी. नलिनीच्या तोंडावर त्या दिवशी पहिल्यांदा रंग आला. तिनं साडी नेसून लायब्ररीच्या बाईंची वाट पाहिली. मी शिरा केला.

मार्गारेट नावाची बाई आली, आमच्याच वयाची, मऊ बोलणारी. तळघरात खुर्चीवर बसून तिनं पहिलं खोकं उघडलं. मी भाचीच्या, श्रीधरच्या अंजूच्या मदतीनं तिला सांगत होते, हे बघा वेणूमावशीचं. बाई हसत होती. आणि मग तिनं तो कागद सहज उलटला.

तिचं हसू गेलं. दुसरा उलटला, तिसरा उलटला. मी आपली शिरा घेऊन उभी.

पुढच्या बाजूला ऑफिसची पत्रं होती. बाद झालेले मसुदे, मुलांची नावं, कोण नापास, कोणावर कॉपी केल्याचा ठपका, कोणाला मनाचा आजार म्हणून रजा हवी. इथं या गोष्टी कायद्यानं कुलपात असतात, आईबापांनासुद्धा दाखवत नाहीत. आणि आमच्या श्रीधरनं ते सगळं केराच्या टोपलीतून वाचवून, वर्षानुवर्षं, कोरी बाजू वाया जाऊ नये म्हणून घरी आणलं होतं.

मार्गारेटनं झाकण हळूच लावलं. नलिनीचा हात धरला आणि जे म्हणाली ते अंजूनं मला मराठीत सांगितलं: "हे मला घेता येणार नाही. आणि इथं ठेवूनही जाता येणार नाही."

मग काचेच्या कपाटाचं कोणी बोलेना. विद्यापीठातल्या ज्या साहेबांचा दर दोन दिवसांनी फोन यायचा, तो बंद झाला. नलिनीनं केला तर सेक्रेटरी म्हणायची, कळवू. नलिनी आतून पेटली. ज्या माणसानं ऑफिसचं पेन घरी ठेवलं नाही त्याला चोर ठरवताय का? कागद देणार नाही, म्हणाली. त्यांचं अक्षर आहे ते. माझ्याकडे दुसरं काय उरलंय?

मला तिचं पटत होतं. आणि नव्हतंही. अंजू इथं जन्मलेली, मराठी येतं, पण मन भरून आलं की बोलते इंग्रजीच. ती पायरीवर बसून रडत म्हणाली, "आत्या, दॅट्स समबडीज लाइफ." कोणाचं तरी आयुष्य आहे ते, या एका वाक्यानं माझी झोप उडाली. माझा अजित कॉलेजच्या पहिल्या वर्षी या मुलांसारखाच अडकला होता, दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या विद्यापीठात. आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं, श्रीधरलासुद्धा नाही. त्याचं पत्र असंच कोणाच्या तळघरात, कोणाच्या तेलाच्या डागाखाली पडलं असेल तर? असं मनात यायचं. पण लगेच दुसरं मन म्हणायचं, अगं, तू तरी कोणाची विहीर वाचून शिकलीस? तेव्हा कोणी कायदा काढला होता?

शेवटी मी नलिनीला म्हटलं, देऊन टाक. ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "तुम्ही त्यांची बहीण. तुम्ही तरी त्यांच्या बाजूनं बोलायचं होतं." मी म्हटलं, "बाई गं, कोणत्या बाजूनं?"

वाट मार्गारेटनंच काढली. लायब्ररीच्या एका बंद खोलीत मागच्या बाजूंच्या तेवढ्या झेरॉक्स काढायच्या, प्रती आम्हाला, मूळ कागद मशीनमध्ये घालून नष्ट. पुढं कोणी काही बोलणार नाही, असा शब्द तिनं विद्यापीठाकडून आणला. पातळ कागदातून पुढचं टायपिंग उलटं झिरपायचं, म्हणून ती प्रत्येक कागदाखाली काळा कागद धरायची. मग फक्त श्रीधरचं अक्षर उमटायचं, चाकं उमटायची. मुलं नाहीशी. नलिनी रोज जाऊन शेजारी बसायची. शेवटी मशीननं मूळ कागदांच्या पट्ट्या केल्या तेव्हा मीही होते. त्याच्या निळ्या शाईच्या त्या शेवया... नलिनीनं एकही उचलली नाही. मला वाटलं होतं उचलेल.

काचेच्या कपाटाचं अजून नंतर बघू असंच आहे. माझा भाऊ तिथं इतकी वर्षं बसला, आणि आता त्याचं नाव निघालं की माणसं खिडकीबाहेर बघतात. पण हे लिहिलं नाही तर हा लेख खोटा होईल.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथं घड्याळं तासभर मागं घेतात. हे काम त्याचं. आम्ही दोघी सकाळी जेवणघरात उभ्या, आणि मामलेदारांचे काटे मागं फिरवायला नलिनीनं हात उचलला. मी म्हटलं थांब, प्रतींत बघू. चष्मा लावून शोधलं. लिहिलं होतं: "मामलेदारांना मागं नेऊ नये, ठोके चुकतात. थांबवावे, तासभर बसावे, मग चालू करावे." नलिनीनं लंबक धरून थांबवला. मी चहा टाकला. आणि आम्ही बसलो.

मग नलिनी म्हणाली, "वन्सं, मी एकदा तळघरात त्यांचा एक कागद उलटला होता. सहज, मागं कोरं असेल तर वाणसामान लिहायला. त्यांनी माझ्या हातून घेतला, पुन्हा पालथा ठेवला. म्हणाले, ती बाजू आपली नाही, नलू."

मी विचारलं, कधीची गोष्ट. पुष्कळ जुनी, म्हणाली. अंजू लहान होती.

"म्हणजे त्यांना कळत होतं का हो?" तिनं विचारलं.

वाचायचं नाही हे कळणारा माणूस, घरी आणायचं नाही हे त्याला कळलं नसेल? की न वाचणं म्हणजेच सगळं सांभाळणं, असं त्याला वाटत होतं? चहा निवला. तास होऊन गेला तरी दोघींपैकी कोणी उठलं नाही.

शेवटी नलिनीनंच लंबकाला बोट लावलं. आम्ही तासाच्या वर जेवढ्या बसलो तेवढे मामलेदार आता मागं आहेत. काटा पुढं सारायला काही हरकत नसते, तेही त्या कागदात आहे. नलिनी सारत नाही.