हातानं टाकायचा गिअर

एका बुधवारी सकाळी माझ्या यजमानांचा उजवा पाय घोट्यातून उचलेना. त्यानंतर मी जे केलं, ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

यांची जुनी विलायती मोटारसायकल होती. तिचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. सुट्टी आली की हे पिंगळीतून निघायचे — कधी गंगाखेड, कधी पार राणीसावरगाव. मी घरी, शाळेच्या वह्या तपासत. तक्रार नव्हती माझी. की होती?

पाय गेल्यावर हे खाली उतरून डाव्या पायानं किक मारायला शिकले. राहिला गिअर. पूर्णेचे एक म्हातारे मिस्त्री म्हणाले, टाकीजवळ दांडा बसवू, हातानं टाका. मिस्त्रींना ऐकू कमी, त्यामुळे फोन नाही. माझी शाळा पूर्णा गावातच, म्हणून निरोप सगळे माझ्यामार्फत. महिनाभरात त्यांनी दांडा माझ्या शाळेत पाठवलाही, कसा बसवायचा ते लिहिलेल्या चिठ्ठीसकट.

घरी मी सांगितलं — अजून झाला नाही.

का? पडतील म्हणून, असं म्हणता आलं असतं. पण त्या महिन्यात मी रोज संध्याकाळी यांना वाचून दाखवू लागले होते. हे डोळे मिटून ऐकायचे. मधेच म्हणायचे, "थांब, तेवढं परत वाच की." लग्नाला बावीस वर्षं झाली होती — आणि माणूस आत्ता कुठं माझ्याजवळ बसला होता. दांडा मी पुस्तकांच्या कपाटात, मागच्या रांगेत ठेवला.

हे रोज गाडी पुसायचे. तिच्यावर बसून उजव्या हातानं हवेतच गिअर टाकून बघायचे. "मास्तरीणबाई, मिस्त्री दांडा करायलाय का देऊळ बांधायलाय?" मी हसायचे. खरंच हसू यायचं मला — हे तरी कसं सांगू?

दिवाळीनंतर हे गेले.

मिस्त्री भेटायला आले. गाडीवर ताडपत्री होती. "वहिनी, दांडा बसला व्हता का नीट?"

बसला, मी म्हणाले. स्टेशनपर्यंत चालवूनही आले हे. त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं सांगावं लागलं — दोनदा.

रुमालात तोंड घालून ते रडले. "लय बरं झालं," म्हणाले. "तेवढं तरी झालं."

मिस्त्री अजून पूर्णेत सगळ्यांना ती फेरी सांगतात. मला कुणी विचारलं, तर मी हो म्हणते. गाडी अंगणातच आहे.