पातेल्याचा चार्ज

सकाळी पेपर यायच्या आधी माझ्या स्वयंपाकघरात हल्ली मला प्रवेश नसतो. तिथे आमचे हे ड्यूटीवर असतात. कोराडीच्या वीज केंद्रात उभी हयात बॉयलरच्या पॅनलसमोर काढलेला माणूस निवृत्त झाला की दुपारी झोपेल, नाही तर माझं डोकं खाईल, एवढीच माझी अपेक्षा होती. ह्यांनी गॅसच्या शेगडीलाच नवं युनिट मानलं आणि रोज तिच्यावर ओट्सची लापशी शिजवायला घेतली.

कारण घडलं ते असं. मागच्या उन्हाळ्यात ह्यांना हार्ट अटॅक आला. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, तेल-तिखट बंद, नाश्त्याला ओट्स द्या, पुन्हा असं झालं तर मात्र सांगता येत नाही. काय सांगता येत नाही, ते मी विचारलं नाही. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली, घरात आम्ही दोघंच. तेव्हापासून न्हाणीघरात ह्यांचा मग जरा जोरात आपटला तरी मी हातातलं टाकून धावते. मला भीती वाटते, दुसरं काही नाही.

आणि तेल-तिखट बंद करायचं तरी कोणाचं? रविवारी सकाळी चौकातल्या ठेल्यावर तर्री-पोहे खाल्ल्याशिवाय ज्यांचा आठवडा सुरूच होत नाही, त्यांचं. तर्री म्हणजे चण्याचा लालभडक रस्सा, वर बोटभर तवंग. आमच्या नागपुरात पोहे त्यात बुडाले नाहीत तर लोक त्यांना पोहे मानत नाहीत, आजाऱ्याचं पथ्य मानतात. ठेल्यावर प्लांटमधले जुने सोबती जमायचे, आणि पहिली तर्री संपायच्या आत दुसरी मागणारा अशी आमच्या ह्यांची ख्याती होती.

पहिल्या दिवशी ओट्स मीच केले. पाकिटावरचं वाचायला चष्मा शोधावा लागला असता, आणि दिसायला तर ते पोह्यांचे चुलतभाऊ. मी सवयीने ते चाळणीत ओतले, नळाखाली धरले, हाताने दोनदा हलवले आणि निथळायला ठेवून कांदा चिरायला घेतला. नागपूरच्या बाईच्या हातात कुठलीही चपटी वस्तू द्या, ती आधी धुणारच. कांदा चिरून वळते तो चाळणीत खळ तयार. निवडणुकीची पोस्टरं चिकटवावीत अशी. तरी मी हार मानली नाही. तिला मोहरी-हळदीची फोडणी दिली, वरून कोथिंबीर पेरली, लिंबू पिळलं. ह्यांनी चमचा घातला आणि उचलला, तर चमच्याबरोबर बशीही उचलली गेली.

"हे काय होय वं?"

"ओट्स."

"मंग डॉक्टरले कशाले पाहिजे होते एवढे पैसे? हेच लावलं असतं तर माहं हार्ट चिकटून पक्कं झालं असतं एकदाचं."

पण खाल्लं. मुकाट्याने सगळं खाल्लं. हात धुता धुता मात्र जाहीर केलं, "उद्यापासून हे युनिट मी चालवतो."

दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं त्याला स्वयंपाक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आधी रेग्युलेटरची तपासणी. मग शेगडीचं एकेक बटण फिरवून पाहणं. मग पातेल्यात दूध-पाणी घालून खाली वाकायचं आणि डोळा बरोबर दुधाच्या पातळीला आणायचा, जणू दूध खोटं बोलेल. ओट्स कोरडेच भाजायचे, वास सुटला की बाजूला काढायचे, दुधाला उकळी आली की भुरभुरत सोडायचे आणि ढवळत राहायचं. त्यात खजुराचे तुकडे, वेलची, आणि शेवटी चिमटीतही नीट धरता येणार नाही एवढंसं मीठ. एकदा दूध उतू गेलं तर हे गंभीर चेहऱ्याने मला म्हणाले, "युनिट ट्रिप झालं." ओटा मात्र मीच पुसला. त्या खात्याचा कर्मचारी ह्यांना अजून मिळालेला नाही.

लापशी छान होते, हे मला मान्य करावं लागतं. तोंडावर मी अजून केलेलं नाही.

पातेलं शेगडीवर असेपर्यंत हे जागचे हलत नाहीत. दारावरची बेल वाजो, फोन वाजो, मला हाक मारतात. मी गेले तरी पळी लगेच हातात देत नाहीत. आधी चार्ज देतात. "दूध अर्धं आटलं, आंच मंद आहे, तळाले लागलं नाही, गुठळी नाही. घेतला चार्ज?" मी 'घेतला' म्हटल्याशिवाय पळी सुटत नाही. तोवर दारावरचा माणूस कंटाळून जिना उतरलेला असतो.

ही प्लांटमधली रीत. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, येऊन चार्ज घेत नाही तोवर आधीच्याने पॅनल सोडून उठायचं नाही. कोराडीच्या कॉलनीत राहायचो तेव्हा ह्या रीतीने माझा जीव नकोसा केला होता. नेमक्या पोळ्याला, दिवाळीला, मुलीच्या वाढदिवसाला रिलिव्हरची गाडी पंक्चर व्हायची, नाही तर त्याचा सासरा आजारी पडायचा, आणि आमचे हे तिथेच बसून डबल ड्यूटी करायचे. मी पुरणाचं ताट झाकून वाट बघायचे. "राहू द्या ना त्या पॅनलले घडीभर एकटं," असं एकदा मी चिडून म्हटलं, तर ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तान्हं लेकरू विहिरीच्या काठावर ठेवायला सांगितलं होतं.

असा कर्तव्यदक्ष माणूस रविवारी मात्र वेगळंच वागू लागला. मी अंघोळ करून येईपर्यंत लापशी झालेली, पातेलं घासून उपडं घातलेलं, आणि हे "फिरून येतो वं" म्हणत जिन्यात. परत येताना अंगाला तर्रीचा वास. शर्टालाच नाही, स्वेटरलासुद्धा. विचारलं तर उत्तर तयार, "ओट्स खाल्ले ना मी." खाल्ले म्हणता, पण कुठे? बशी कोरडी, चमचा जागेवर. बिल्डिंगखालच्या कुत्र्याची तब्येत मला अलीकडे बरीच सुधारल्यासारखी वाटत होती. मी त्याच्याकडे संशयाने बघू लागले. तोही मग माझ्याकडे बघेनासा झाला.

गंमत करते आहे, पण तेव्हा मला हसू येत नव्हतं. चोरून एक प्लेट तर्री खाताना ह्यांना काही झालं तर मला कोण कळवणार, कोण उचलणार, हेच डोक्यात घुमायचं. राग यायचा, आणि त्या रागात निम्म्याहून जास्त भीतीच असायची. शेवटी एका रविवारी, कडाक्याच्या थंडीत, मी डोक्यावरून शाल घेतली आणि ह्यांच्या मागोमाग निघाले. साठीची बाई नवऱ्याचा पाठलाग करते आहे हे बघायला सुदैवाने बिल्डिंगमधलं कोणी उठलं नव्हतं.

हे सरळ चौकातल्या ठेल्यावरच गेले. मी अरुंद रस्त्याच्या पलीकडे, बोलणं ऐकू येईल एवढ्या अंतरावर, संत्र्यांच्या गाडीआड उभी राहिले. बाकावर ह्यांचे दोन सोबती बसलेले, हातात लालभडक प्लेटा. हे मधोमध बसले, स्वेटरच्या आतून काहीतरी काढलं. आमचा स्टीलचा डबा, जो मी आठवडाभर शोधत होते. झाकण उघडलं आणि हे त्यातली लापशी खाऊ लागले.

मला आधी कळेचना काय चाललं आहे. तेवढ्यात एका सोबत्याने प्लेट ह्यांच्या नाकापुढे धरली. हाच तो, ज्याचा सासरा सणासुदीला आजारी पडायचा.

"घे ना गा एक प्लेट. वहिनीले कोण सांगून राहिलं?"

"नाही."

"एका प्लेटनं काय होते बे?"

"नसंल होत काही. पण झालं तर?" हे डबा खरवडत म्हणाले. "घरी ते एकटी आहे. माह्या जागेवर रिलिव्हर नाही."

सोबत्याने प्लेट मागे घेतली. मला रडू आलं. जी रीत मी इतकी वर्षं शिव्या देत सोसली, ती ह्या माणसाने माझ्यासाठी पाळायला घेतली होती आणि मला पत्ता नव्हता. मी शालीने डोळे पुसत होते, तोच संत्रीवाल्याने आवाज चढवला, "काकू, घेऊन राहिल्या का नुसत्या पाहून राहिल्या?"

ह्यांनी मान वर केली. लपायला जागा नव्हती.

"काहून वं, तू इथं?"

"संत्री घ्यायले."

"घरी टोपलीभर आहेत." दोन्ही सोबती खाली मान घालून हसू दाबत होते. मी चाल करून जावं तसा रस्ता ओलांडला आणि विचारलं, ओट्सच खायचे तर ते घरी बसून का खात नाही, थंडीत इथे कशाला येता.

"वास घ्यायले," हे म्हणाले. "डॉक्टरनं वासाले मनाई नाही केली."

हे सरकून बसले, मला बाकावर जागा केली आणि ठेलेवाल्याला म्हणाले, "हिले एक प्लेट दे. तर्री जास्त. उन्हाळ्यापासून खाल्ली नाही हिनं." ह्यांच्यादेखत नको म्हणून मीही पोहे सोडले होते, पण त्याचा मी कधी उच्चार केला नव्हता. ह्यांच्या ते लक्षात आलं असेल असं मला वाटलंच नव्हतं.

प्लेट आली. मी खाऊ लागले आणि हे माझ्या प्लेटकडे बघत राहिले, पॅनलकडे बघत असतील तसे, पापणी न हलवता. मी चमचाभर तर्री घेतली, तवंग बाजूला केला आणि ह्यांच्या डब्यात ओतली. खजुराच्या लापशीत तर्री. दिसायला ते फार वाईट दिसत होतं. ह्यांनी डोळे मिटून खाल्लं, आणि इतकं सावकाश, की दोघं सोबतीही खायचे थांबले.

मग डबा पुन्हा माझ्यापुढे आला. "अजून एक?"

"एकच."

"काहून वं?"

"माह्याही जागेवर रिलिव्हर नाही."

ह्यांनी चमचा पुसला आणि डब्याचं झाकण लावलं.